दुसरी जीभ

१

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पहिल्या मजल्यावर चंद्रभागेचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता, आणि त्या ब्लॉकात संध्याकाळचा एक नेम होता. चार वाजता चहा. मग सुपात तांदूळ घेऊन गॅलरीत बसायचं. दिवेलागणीला बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, आणि मग भाकरीला तवा टाकायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन औंधाला गेली होती, एकटीसाठी दीड भाकरी लागत होती, पण नेम काही मोडला नव्हता. बाईच तशी. जुन्या कंपनीत तिला सगळ्या म्हणायच्या, एक वेळ भोंगा चुकेल पण चंद्रभागा चुकायची नाही. आणि हे कौतुकानं म्हणायच्या, असं काही समजू नका.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि तिचं तोंड जळायला लागलं.

आधी तिनं चिवड्यातल्या मिरचीला शिव्या घातल्या. चिवडा संपला, जळजळ राहिली. मग शेजारणीनं दिलेल्या लिंबाच्या लोणच्यावर संशय घेतला, ते मोलकरणीला देऊन टाकलं. टीव्हीवर बघून आणलेली नवी पेस्ट सोडली आणि मीठ-तुरटीनं दात घासून पाहिले, तर अशी काही आग उठली की डोळ्यांतून पाणी आलं. आरशापुढं उभं राहून जीभ बाहेर काढावी, तर जीभ लहान पोराच्या जिभेसारखी गुलाबी. फोड नाही, चीर नाही, पांढरा थर नाही.

बरं, दुखण्याला काही रीतभात? सकाळी उठावं तर तोंड अगदी स्वच्छ, जसं काही झालंच नव्हतं. दुपारी जरा कुणकुण. आणि संध्याकाळी मेणबत्ती लावायच्या सुमाराला जिभेला तव्याचा चटका बसल्यागत. तांब्याचा पैसा चोखावा तशी चव. जेवायला बसलं की गप्प, हात धुतला की पुन्हा हजर. झोपेत मात्र कधी नाही.

एका संध्याकाळी तिनं डोळे मिटून नीट लक्ष दिलं. जळजळ सगळीकडं एकदम सुरू होत नव्हती. ती सुरू होत होती जिभेच्या शेंड्यावर, दोन ठिपक्यांतून. शेजारी-शेजारी दोन ठिपके, मध्ये अर्ध्या बोटाचं अंतर. मग तिथून पसरायची.

ते अंतर चंद्रभागेला ओळखीचं होतं. अठरा वर्षं रोज तिनं ते जिभेला लावलं होतं.

"हॅट," ती मोठ्यानं म्हणाली, आणि उठून भाकरीचं पीठ मळायला लागली.

२

येरवडा ओलांडून पुढं, नगर रस्त्याला, ट्रान्झिस्टर रेडिओ जुळवायची एक छोटी कंपनी होती. आता तिथं निळ्या काचांची इमारत आहे आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं आत-बाहेर करतात. तेव्हा पत्र्याची शेड होती, आणि त्या शेडमध्ये पन्नासएक बायका ओळीनं बाकांवर बसून तारांना कथलाचे डाग द्यायच्या. त्या डागाच्या धुराला राळेचा वास यायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर पोरं पदराला नाक लावून म्हणायची, आई आली.

अहाहा, काय दिवस होते ते! चंद्रभागा आठवायला बसली की तिचं तिलाच हसू यायचं. पन्नास बायका, पन्नास डबे, आणि कुणाच्या डब्यात काय आहे ते सगळ्यांना सकाळी दहालाच ठाऊक. कुणाची सासू आजारी पडली की सगळ्या शेडला आनंद.

चंद्रभागा बसायची शेवटच्या बाकावर, तपासणीला. समोर मुक्ता. जुळलेला सेट हातात आला की मागचं झाकण उघडून त्यात चौकोनी सेल घालायचा, बटण फिरवायचं, आणि सेट बोलतो का ते बघायचं. नाही बोलला, तर दोष सेटचा की सेलचा? त्यासाठी मीटर होता. एकच होता, आणि तो सुपरवायझर महिपती यांच्या टेबलाच्या खणात कुलपात असायचा. बहुतेक तो दर्शनासाठी ठेवलेला होता, वापरायला नव्हे.

मग बायकांनी आपली सोय काढली. चौकोनी सेलाच्या डोक्यावर शेजारी-शेजारी दोन बटणं असतात. ती दोन्ही एकदम जिभेच्या शेंड्याला टेकवायची. सणकन झिणझिणी आली तर सेल जिवंत, तो उजवीकडच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये. काहीच नाही आलं तर मेला, तो डावीकडं.

पण एकीनं मेला म्हटलं म्हणून सेल मेला, असं नव्हतं. कुणाची जीभ पानानं जाडावलेली, कुणी गरम चहा पिऊन आलेली. एकदा एकीच्या जिभेपायी ट्रेभर चांगले सेल भंगारात गेले आणि महिपतींनी सगळ्यांना फैलावर घेतलं. तेव्हापासून बाकाचा कायदा ठरला. दोन जिभा. एकीच्या जिभेला लागला नाही की सेल समोरचीच्या पुढं जायचा. दुसरी जीभ 'मेला' म्हणाली तरच मेला. तोवर त्याला हात लावायचा नाही.

पहिली जीभ मुक्ताची, दुसरी चंद्रभागेची.

मुक्ताची तऱ्हा वेगळी. येरवड्याची, बोलायला खळाळती, तोंडात सदा भाजलेली बडीशेप. सेल उचलायची, पदराच्या टोकानं त्याचं डोकं पुसायची, डोळे मिटून जिभेला लावायची. जिवंत असला की झटकन खाली ठेवायची. मेलेला असला की टाकायला तिचा जीव व्हायचा नाही. मुठीत धरून त्याला ऊब द्यायची, आणि चंद्रभागेपुढं सरकवत दर वेळी तेच म्हणायची, "आहे गं, थोडी धुगधुगी आहे."

एकही मेलेला सेल असा नव्हता, ज्याच्याबद्दल मुक्ता असं म्हणाली नाही. आणि चंद्रभागा तो जिभेला लावून म्हणायची, "मेला. मेला तो मेला, आपण काय यमाशी भांडणार?"

"तू ना, एक नंबरची कसाई आहेस, चंद्रे," मुक्ता म्हणायची.

कधी चंद्रभागा रजेवर असली तर मुक्ता असले दोन-चार सेल सेटमध्ये घालून गुपचूप पुढं सारायची. ते सेट दुकानापर्यंत गात-गात जायचे आणि आठ दिवसांत मुके होऊन परत यायचे.

पुढं परदेशी टेपरेकॉर्डर बुधवार पेठेत ढिगानं यायला लागले, धोरण खुलं झालं, आणि शेड बंद झाली. जाताना प्रत्येकीला एकेक ट्रान्झिस्टर मिळाला. चंद्रभागेचा अजून स्वयंपाकघरात फळीवर होता, आत सेल नसलेला. मुक्ता दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. चंद्रभागा मयताला गेली होती, पोटभर रडली होती. तिच्याएवढं जवळचं माणूस तिला दुसरं नव्हतं.

३

लेक चैताली सातव्या महिन्यात माहेरी आली, आणि येताना आईच्या दुखण्याचं नावच घेऊन आली.

"आई, याला नाव आहे गं. मी ऑफिसात नेटवर वाचलं. बर्निंग माउथ."

"मला मराठीतच जळतंय," चंद्रभागा म्हणाली.

पण लेकीपुढं तिचं काही चाललं नाही. आणि खरं सांगायचं तर तिलाही बरं व्हायचंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज, पण चंद्रभागेला माहेर मिळालं नव्हतं. चैतालीच्या जन्माच्या महिनाभर आधी चंद्रभागेची आई वारली. सरकारी दवाखान्यात ती एकटी पडली होती, भिंतीकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशी कामाची पाळी संपवून मुक्ता आली आणि तिथंच बसून राहिली. बाळाला न्हाऊ घालून आणलं तर मुक्तानं आधी त्याचं नाक ओढलं आणि म्हणाली, "हिच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू मी करणार. तू नुसतं लेकीपाशी बसायचं. कळलं?"

तेव्हापासून चंद्रभागेच्या मनात हे एकच पक्कं होतं. जगात काहीही उलथापालथ होवो, चैतालीच्या बाळंतपणात तिच्या उशाशी आई असणार. बाकी देवाधर्माकडं तिनं कधी काही मागितलं नव्हतं.

डॉक्टर श्रीनिवास खरे यांचा दवाखाना बुधवार पेठेत, जिना चढून वर. त्यांनी जीभ उलटसुलट पाहिली, गाल आतून पाहिले, कवळी आहे का विचारलं, रक्त तपासायला पाठवलं. आठवड्यानं कागद पाहून म्हणाले, "साखर नाही, थायरॉइड ठीक, रक्तातलं लोह ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक. तोंडात बुरशी नाही. कॅन्सर तर मुळीच नाही, हे आधी ऐकून घ्या, कारण तुम्ही रात्री त्याचाच विचार करत असणार."



"मग मला झालंय काय, डॉक्टर?"

"जीभ चांगली आहे. जिभेच्या नसा खोटं सांगतायत. चटका नसताना चटका बसला असं मेंदूला कळवतायत. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत बरंच दिसतं हे. सकाळी नाही, संध्याकाळी जास्त, जेवताना कमी, बरोबर?"

"तुम्हांला कसं कळलं?"

"पुस्तकात लिहिलंय," डॉक्टर कोरडेपणानं म्हणाले. मग त्यांनी एकेक समजावलं. साधी, फेस न करणारी पेस्ट वापरा. आंबट, तिखट, फार गरम टाळा. गार पाण्याचे घोट घेत राहा, फारच झालं तर बर्फाचा खडा चघळा. जीभ दातांवर घासत बसू नका, काळजी करत बसू नका. एक गोळी दिली, ती गिळायची नाही, तोंडात विरघळवून घोळवायची आणि थुंकून टाकायची. "एकदम जाणार नाही. हळूहळू कमी होईल. याच्यासोबत राहायला शिकायचं."

जिना उतरताना खालच्या गल्लीतून राळेचा वास आला. कुणीतरी दुकानाच्या फळीवर बसून डाग देत होतं. चंद्रभागा क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. तिला एवढं भरून आलं की चैतालीला वाटलं, चक्कर आली.

४

गोळी सुरू झाली, आणि रोज संध्याकाळी चैतालीचा एक प्रश्न सुरू झाला. बाहेरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून ती पडलेली असायची आणि तिथूनच ओरडायची, "आई, आज आहे का गं जळजळ?"

"आहे," चंद्रभागा ओट्यापासून म्हणायची.

"कालच्यापेक्षा कमी?"

"इवलीशी."

आता तिला दुखण्याची सवय झाली होती. सवय झाली की माणूस बारकावे बघायला लागतं. एका संध्याकाळी पीठ मळता-मळता तिच्या लक्षात आलं, की ते दोन ठिपके लागण्याआधी आणखी काहीतरी होतं. अगदी हलकं. जिभेच्या शेंड्यावरून सुती कापडाचं टोक फिरावं, तसं. एकदा, डावीकडून उजवीकडं.

मग ठिपके. मग जळजळ.

हात पिठात तसाच राहिला. तिनं स्वतःला समजावलं, नसा खोटं सांगतायत. डॉक्टरच म्हणाले. चटका खोटा सांगतात तर कापड खोटं सांगायला काय हरकत आहे? इतकी वर्षं जे पाहिलं तेच जिभेला आठवत असणार. यात घाबरण्यासारखं काय आहे, म्हणून तिनं भाकरी थापली, आणि ती भाकरी तव्यावर टाकताना फाटली. चंद्रभागेची भाकरी फाटत नसे.

दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला स्वयंपाकघरात भाजलेल्या बडीशेपेचा वास आला. ताजा, खमंग.

"चैताली, बडीशेप भाजलीस का गं?"

"मी? मला साध्या वासानं मळमळतंय, आई, मी कशाला भाजू?"

खालच्या बिऱ्हाडातून येत असेल. येतातच वास, हे पुण्यातले ब्लॉक म्हणजे एका घरात फोडणी आणि चार घरांत ठसका. तिनं खिडकी लावून घेतली. वास गेला नाही. राळेचा वास त्यात मिसळला, आणि खरं सांगू का, चंद्रभागेला त्या घडीला भीती वाटायच्या ऐवजी इतकं बरं वाटलं, की तिथंच स्टूल ओढून बसावं आणि कुणाच्या तरी डब्यात काय आहे ते विचारावं.

तेवढ्यात फळीकडून आवाज आला. टिक. पत्र्याच्या ट्रेमध्ये सेल ठेवला की जो होतो तो.

तिनं वर पाहिलं. ट्रान्झिस्टर जागच्या जागी होता. तिनं तो खाली घेतला, मागचं झाकण काढलं. आतली जागा रिकामी, सेलाला जोडायची दोन बटणांची टोपी तारेला लोंबत होती. त्या टोपीवरची धूळ पुसलेली होती. बाकी सगळ्या आतल्या भागावर धूळ होती.

तिनं झाकण लावलं, रेडिओ परत ठेवला. आपणच कधीतरी पुसलं असेल. कधी, ते आठवेना.

५

आणि मग जळजळ थांबली.

कमी-कमी होत गेली म्हणावी, तर तसं नाही. आदल्या संध्याकाळी होती, दुसऱ्या संध्याकाळी नव्हती. चैतालीनं विचारलं, "आज आहे का गं?" आणि चंद्रभागा वाट बघत थांबली, दोन भाकऱ्या होईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "नाही वाटतं."

पोरीनं अवघडल्या अंगानं उठून येऊन आईला मिठीच मारली. जावयाला फोन झाला. रविवारी अभय येताना मलई बर्फी घेऊन आला आणि म्हणाला, "आता बाळाच्या बारशाला पुरणपोळीबरोबर कटाची आमटी झणझणीत पाहिजे, आई." सगळे हसले. चंद्रभागाही हसली. बर्फी गोड लागली, भाजीतलं मीठ बरोबर कळलं, चहा गरम लागला. सगळं कसं जिथल्या तिथं.

फक्त संध्याकाळी ते कापड अजूनही फिरत होतं. हलकेच, डावीकडून उजवीकडं. मग दोन थंड ठिपके टेकत होते. आणि काहीच होत नव्हतं. ते ठिपके पूर्वीपेक्षा जास्त वेळ टेकून राहत होते.

दोघी पुन्हा दाखवायला गेल्या, तेव्हा डॉक्टर खूश झाले. त्यांच्या चेहऱ्यावर खुशी ओळखणं अवघड होतं, पण "बरं झालं" म्हणाले. चैतालीला रिक्षाजवळ उभं करून चंद्रभागा खालच्या गल्लीत शिरली आणि एक नवा चौकोनी सेल विकत घेऊन आली.

"कशाला गं?"

"रेडिओला."

घरी येऊन तिनं सेलाचं प्लास्टिक काढलं. तिला हसूही आलं, एवढ्या वर्षांनी हा खेळ! डोळे मिटले आणि दोन्ही बटणं जिभेला लावली.

काही नाही. धातूचा गारवा, तेवढाच.

"मेला दिला वाटतं मेल्यानं," ती पुटपुटली. "चैताली, जरा जिभेला लाव बघू."

"ईऽऽ, आई!"

"लाव गं. लहानपणी शंभरदा लावलायस. काही होत नाही."

चैतालीनं तोंड वाकडं करत सेल लावला आणि "आई गं!" म्हणून असा झटकला की तो कॉटखाली गेला. मग पोट धरून हसत सुटली. "जिवंत आहे! मस्त जिवंत आहे!"

चंद्रभागा कॉटखाली वाकून सेल काढत होती, त्यामुळं तिचा चेहरा लेकीला दिसला नाही.

गोळीनं जीभ बधिर झाली असणार. हे तर उघडच आहे. त्या रात्रीपासून तिनं गोळी तोंडात न घोळवता तशीच मोरीत टाकायला सुरुवात केली. आठवडा गेला. मीठ कळत होतं, गोड कळत होतं, बर्फ लावला तर बर्फ कळत होता. जुन्या पेस्टनं दात घासले, हिरवी मिरची चावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं. रोज चोरून सेल जिभेला लावत होती, आणि सेल रोज गप्प होता. ज्या जळजळीला तिनं महिनाभर शिव्या घातल्या, तिच्यासाठी आता तिचा जीव तुटत होता. ये गं बाई, ती मनात म्हणायची, जरा तरी ये.

अठरा वर्षं तिचा असा हिशेब होता, की दोन बटणं टेकवली आणि झिणझिणी आली नाही, तर जीभ कधी चुकत नाही. चूक दुसऱ्या टोकाला असते.

आता दुसऱ्या टोकाला कोण आहे, हा विचार तिनं पुरा केला नाही. उठून चैतालीच्या पायांना तेल लावायला बसली.

६

त्या संध्याकाळी वीज गेली नव्हती, काही वेगळं झालं नव्हतं. चैताली बाहेरच्या खोलीत पडली होती, पाय उशीवर, टीव्ही बारीक आवाजात. तसबिरीपुढं मेणबत्ती जळत होती. चंद्रभागेनं वंदना म्हटली, स्वयंपाकघरात आली, आणि दिवा लावायला हात वर नेला.

हात तसाच राहिला. बडीशेपेचा वास दाटून आला होता.

गॅलरीतून संध्याकाळचा शेवटचा उजेड ओट्यावर पडला होता. ओट्याच्या पलीकडं भिंत आहे. तिथं माणूस बसायला जागा नाही. पण तिला दिसलं ते असं, की ओटा म्हणजे बाक आहे, आणि त्याच्या पलीकडं कुणीतरी कामावर वाकून बसलं आहे. मधला भांग, सरळ पाडलेला. खाली झुकलेलं कपाळ. पदराचं टोक धरलेलं बोट, त्यावर डागाच्या सळईचा जुना काळा चट्टा. बास, एवढंच. चेहरा खालीच होता.

जिभेवरून सुती टोक फिरलं. चंद्रभागेनं तोंड घट्ट मिटलेलं होतं, तरी फिरलं.

मग दोन ठिपके. गार.

लाग, ती मनातल्या मनात म्हणाली. लाग, जळ, आग होऊ दे. ठिपके टेकून राहिले, टेकून राहिले, आणि मग उचलले गेले.

काहीच झालं नव्हतं.

आणि मग तिच्या दोन्ही गालांना, डोक्याला, सगळ्या अंगालाच ऊब लागली. बाहेरून. चारी बाजूंनी. कुणीतरी मुठीत धरून ठेवावं, सोडवत नाही म्हणून धरून ठेवावं, तशी. त्या उबेत इतकी माया होती की चंद्रभागेच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्याच वेळी तिला तिथून पळावंसं वाटत होतं, कारण ती मूठ कुठल्या सेलावर मिटायची ते तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

"आहे गं, चंद्रे," आवाज आला. खळाळता, अगदी जवळून. "थोडी धुगधुगी आहे."

मग शांतता. तीही ओळखीची होती. सेल पुढं सरकवून समोरची काय म्हणते त्याची वाट बघायची मुक्ता, तेव्हाची. एक जीभ झाली होती. आता दुसरीची पाळी होती, आणि दुसरी जीभ अठरा वर्षांत एकदाही खोटं बोललेली नव्हती.

बाहेरच्या खोलीतून चैतालीनं कूस बदलल्याचा आवाज आला, आणि मग रोजची हाक.

"आई, आज आहे का गं जळजळ?"

चंद्रभागेनं ओट्याची कड धरली. पलीकडचं कपाळ किंचित वर व्हायला लागलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"आहे," ती म्हणाली. घसा साफ करून पुन्हा म्हणाली, लेकीला ऐकू जाईल असं, आणि पलीकडंही ऐकू जाईल असं. "आहे, बाई. थोडी आहे."

टिक.

तो आवाज तिच्या उजव्या हाताकडून आला, जिवंत सेलांचा ट्रे असायचा त्या बाजूनं. उजवीकडून आला, हे तिनं मनाशी दोनदा ताडून पाहिलं. ऊब हळूहळू सुटली. तिनं डोळे उघडले तेव्हा ओट्यापलीकडं भिंत होती, आणि बडीशेपेचा वास विरत चालला होता.

"अगं, परत सुरू झाली?" चैताली बाहेरच्या खोलीतून म्हणाली. "मग गोळी घे ना!"

"घेते," चंद्रभागा म्हणाली. तिनं दिवा लावला, डोळे पुसले आणि पीठ काढलं. जिभेवर काही म्हणजे काही नव्हतं. मुक्तानं पुढं सारलेले सेट किती दिवस बोलायचे, ते आठवायचं नाही असं ठरवून तिनं पाणी घालून पीठ मळायला घेतलं.

उद्या संध्याकाळी चैताली पुन्हा विचारणार होती. बाळंतपणाला अजून महिना होता.